मोराची पिसं आणि लोड बॅलन्सर

मंडळी, या विकांताचा विषय जरा तांत्रिक आहे. पण घाबरू नका, दोन परिच्छेद सोसलेत की आपण थेट सोलापुरात, मागांच्या खडखडाटात पोचतोय.

लोड बॅलन्सर म्हणजे काय? समजा, रेल्वे स्टेशनवर पाच तिकीट खिडक्या आहेत आणि दारात एक माणूस उभा आहे. 'तुम्ही दोन नंबरला जा, तुम्ही चारला' असं तो प्रत्येकाला सांगतो. एखादी खिडकी बंद पडली की तिकडे कुणालाच पाठवत नाही. वेबसाईटवरच्या गर्दीचं सर्व्हरांमध्ये असंच वाटप करणारा तो लोड बॅलन्सर. १९९७ साली एफ-फाईव्ह कंपनीचा बिग-आयपी आला तेव्हा ही खरीखुरी लोखंडी पेटी होती. मे २००९ मध्ये ॲमेझॉनने हीच सोय क्लाऊडवर भाड्याने द्यायला सुरुवात केली. पेटी नजरेआड गेली आणि प्रोग्रॅमरच्या हातात उरलं फक्त तिचं वर्णन.

हे वर्णन कोडमध्ये लिहायचं म्हणजे गुणधर्मांची यादी करायची. नाव, पोर्ट, प्रोटोकॉल, वाटपाची पद्धत, मागचे सर्व्हर. शिवाय मिळालेला आयपी पत्ता, आत्ताची अवस्था, कुठला सर्व्हर जिवंत आणि कुठला मेलेला. सगळं एकाच क्लासमध्ये, एकाखाली एक लिहिलं तरी प्रोग्रॅम चालतो. पण नीट बघा, यात दोन जाती आहेत. पोर्ट आपण सांगतो. आयपी पत्ता आपल्याला सांगितला जातो. पहिला हुकूम, दुसरी बातमी!

आता सोलापूर. आमच्या पूर्व भागात, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, चादरीच्या मागावर वर बघितलं की भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरताना दिसते. हे जॅकार्ड. फ्रान्समधल्या लिऑं शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. त्याआधी बुशों आणि फाल्कन यांनी १७२० च्या दशकातच भोकांचा कागद आणि पुठ्ठे वापरून पाहिले होते. गंमत साधी आहे. भोक असेल तर सुई आत जाते आणि तिचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. मग मधून आडवा धागा पळतो. पुढचा धागा, पुढचं कार्ड. चौकटीच्या कागदावर काढलेला मोर असा शेकडो कार्डांत उतरतो. हीच कल्पना चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या ॲनालिटिकल इंजिनासाठी उचलली, म्हणजे आमच्या धंद्याचं मूळ मागावरच आहे!

पण मला या कार्डावर काय आहे त्यापेक्षा काय नाही याचं जास्त आश्चर्य वाटतं. कार्डावर रंग नाही. तीच माळ लाल धाग्यावर चालवा नाहीतर हिरव्यावर, मोर तोच. आत्ता कितवं कार्ड चालू आहे, हेही कार्डावर नाही. आणि धागा तुटला तर? कार्डाला पत्ताच नसतो. ते आपलं 'हा उचल, हा सोड' सांगत राहतं.

मग ही बातमी कोण देतं? आडव्या धाग्यासाठी यंत्रमागावर एक छोटा काटा असतो. धागा त्याला लागला नाही की माग थांबतो. हे तंत्र १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ झालं. याला आम्ही लोक आज 'हेल्थ चेक' म्हणतो, एवढाच फरक :) पण उभा धागा तुटला तर साध्या मागावर तो दिसतो फक्त विणकराच्या डोळ्याला. थांबलेला माग पुन्हा सुरू करताना कार्डं मागे फिरवून योग्य जागी आणायची तीही त्यानेच. नाहीतर मोराच्या पिसाऱ्यात एक कायमची रेघ!

म्हणजे मागाने दोन जाती कधी मिसळल्याच नाहीत. हुकूम कार्डावर, बातमी काट्याकडे आणि माणसाकडे. सॉफ्टवेअरमध्येही हळूहळू तेच रुजलं. गूगलने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या कुबरनेटिसमध्ये वस्तूचं वर्णन दोन खणांत असतं. 'स्पेक' म्हणजे आपल्याला काय हवंय आणि 'स्टेटस' म्हणजे प्रत्यक्षात काय आहे. लोड बॅलन्सरचा पोर्ट पहिल्या खणात, त्याला मिळालेला पत्ता दुसऱ्या खणात. या दोघांतली तफावत भरून काढत राहणं, हेच तिथल्या कंट्रोलरचं काम.

खण वेगळे का हवेत? कारण एकत्र केले की पडद्यावर 'चार सर्व्हर' दिसतात आणि ते चार चालू आहेत की नुसते चार लिहिलेले आहेत, हे कळत नाही. हा फरक रात्री दोन वाजता फार महाग पडतो.

आणि आणखी एक. कार्डांची माळ उचलून कुठल्याही गावी नेता येते, म्हणून 'नक्षी तर कार्डातच आहे, माग कुणीही चालवेल' असं म्हणणं फार सोपं जातं. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे निदान गावाचं नाव तरी कायद्याने चादरीशी बांधलं गेलं. पण तुटलेला धागा ओळखणारी ती नजर? ती अजूनही ना कार्डावर आहे, ना कुठल्या क्लासमध्ये. आपल्या अंगावरच्या चादरीत रेघ नाही, एवढाच तिचा पुरावा.

असो. पुढच्या विकांताला भेटूच.