टोरीपासून मेदापर्यंत : स्निग्ध पदार्थांच्या घटनामापनाचा इतिहास

भंडारा जिल्ह्यात परिचित असलेल्या दोन बियांची तेले परस्परांपासून अत्यंत भिन्न आहेत. मोहाच्या बीचे, म्हणजे टोरीचे, तेल थंडीत थिजते. जवसाचे तेल थिजत नाही, परंतु लाकडावर पातळ पसरल्यास हवेत वाळून त्याचा पापुद्रा बनतो. हा भेद घाणा चालविणाऱ्यास पूर्वापार ठाऊक होता. तो संख्येत सांगण्याचा प्रयत्न मात्र एकोणिसाव्या शतकातला आहे.

नावांनी भेद करण्याची परंपरा याहून पुष्कळ जुनी. चरकसंहितेत सर्पि, तैल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. हे वर्गीकरण उत्पत्तिस्थानावर आधारलेले आहे. स्नेहाच्या अंतर्घटनेचा शोध फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल याने घेतला व १८२३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८८४ मध्ये ह्यूब्लने आयोडीन अंकाची रीत दिली. मेदाम्लाच्या साखळीत जितके द्विबंध अधिक, तितके आयोडीन अधिक शोषले जाते. मोहाच्या तेलाचा हा अंक साधारणतः ७० च्या आत असतो. जवसाचा १७० च्या वर जातो. थिजणे आणि वाळणे यांचे कारण अशा रीतीने अंकात आले.

तथापि हा अंक केवळ बेरीज सांगतो. एकेक द्विबंधाच्या दोन साखळ्या, आणि एक द्विबंधरहित व एक दोन द्विबंधांची अशा दोन साखळ्या, जवळजवळ सारखेच आयोडीन घेतात. बेरीज एक, घटना मात्र भिन्न!

या अडचणीवरील एक उपाय भौतिकशास्त्रातून आला. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे द्रव व घन पदार्थांतील अणुगर्भांचे चुंबकीय अनुस्पंदन दाखविले. १९५१ मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी अल्कोहोलातील हायड्रोजनाच्या तीन निरनिराळ्या रेषा मिळविल्या. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांच्या आवरणानुसार प्रत्येक हायड्रोजनाची रेषा किंचित सरकते, हे त्यातून स्पष्ट झाले. यांतील श्रीनिवास धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे कार्य उभारले.

१९६२ मध्ये जॉन्सन व शूलरी यांनी ही रीत नैसर्गिक स्निग्ध पदार्थांना लावली. दोन द्विबंधांच्या मधल्या हायड्रोजनाची रेषा २.८ या स्थानी पडते, द्विबंधावरील हायड्रोजनाची ५.३ च्या आसपास. वरील दोन मिश्रणांपैकी दुसऱ्यातच २.८ ची रेषा उमटते. आयोडीनाला न दिसलेला भेद येथे दिसतो. १९६३ मध्ये कॉनवे व अर्ल यांनी बी न फोडता तिच्यातील तेलाचे प्रमाण मोजले. मोजलेले बी पेरताही येऊ लागले, ही गोष्ट वाणसुधारकाच्या दृष्टीने लहान नव्हे.

या रीतीलाही मर्यादा आहे. पामिटिक व स्टिअरिक ही अम्ले केवळ लांबीने भिन्न असल्याने या रेषांत वेगळी पडत नाहीत; त्यासाठी जेम्स व मार्टिन यांच्या १९५२ च्या वायुवर्णलेखनाकडेच जावे लागते. परंतु त्यासाठी नमुना काढावा लागतो, आणि जिवंत देह घाण्यात घालता येत नाही. २००८ मध्ये सात टेस्ला क्षेत्रात माणसाच्या त्वचेखालील मेदाची व अस्थिमज्जेतील स्नेहाची घटना सुईविना मोजली गेली. वसा आणि मज्जा ही चरकाने नावांनी वेगळी केलेली जोडी अशा रीतीने एकाच मापाखाली आली.