पेशव्यांच्या शिकारखान्यापासून तुमच्या बाल्कनीतल्या पिंजऱ्यापर्यंत

बुटांच्या खोक्यात ठेवलेला गिनीपिग घेऊन कुणीतरी दवाखान्यात येते. तो दोन दिवस खात नाही, मागचे पाय ओढत चालतो, उचलले की ओरडतो. सोबतची मंडळी सांगतात, "डॉक्टर, रोज चांगले दाणे घालतो हो. एवढ्याशा जिवाला अचानक काय झालं?" गिनीपिगच्या जागी कधी मऊ पाठीचे कासव असते, कधी स्वतःची पिसे उपटणारा पोपट. प्राणी बदलतात, पण प्रश्न तोच असतो.

या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत कमी आणि इतिहासात जास्त आहे. म्हणून आज थोडे मागे जाऊ. सुरुवात आपल्या पुण्यापासूनच करू.

गेंडा, चित्ता आणि झोपाळ्यावरची हरणे

दूरदेशीचे प्राणी पाळण्याची हौस पुण्याला नवी नाही. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० साली तिथल्या गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तांबट ज्याच्यासाठी चित्रे काढत असे, तो इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने पेशव्यांच्या रमण्यातल्या काळविटांबद्दलही लिहून ठेवले आहे. वाद्यांचा आवाज ऐकून ती माणसांजवळ येत आणि झोपाळ्यावर न बिचकता बसून राहत.

ही हकिगत वाचताना माझ्या मनात दोन विचार येतात. एक म्हणजे, रानातल्या प्राण्याला न बुजवता इतके जवळ आणणाऱ्या माणसांकडे केवढा संयम असेल! दुसरा म्हणजे, तो झोपाळा हरणांसाठी होता की पाहुण्यांसाठी? प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाने हा दुसरा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

ज्याची किंमत, त्याला डॉक्टर

आपल्याकडे प्राण्यांचे वैद्यक फार जुने आहे. घोड्यांसाठी शालिहोत्र आणि हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, ही नावे तुम्ही ऐकली असतील. हे शास्त्र घोड्या-हत्तींचे होते, कारण राज्य त्यांच्यावर चाले. ससा किंवा राघू आजारी पडला म्हणून राज्य अडत नव्हते.

इंग्रजी अमलातही हेच झाले. गुरांच्या साथींनी, विशेषतः बुळकांडीने, शेतकरी आणि सरकार दोघेही हैराण झाले होते. त्यातून १८८९ साली एक मोठी प्रयोगशाळा उघडली गेली, तीही पुण्यात. तिचे नाव इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी आणि प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. काही वर्षांतच ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ही तिचीच वाढलेली शाखा. त्याआधी, १८८६ मध्ये, मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले होते. या साऱ्या कामाचे फळ मोठे आहे. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाने मुळापासून उखडलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग.

पण या काळात पशुवैद्य शिकले ते गाय, म्हैस, घोडा, बैल. पुढे शहरांत कुत्रा-मांजर आले. पिंजऱ्यातले छोटे जीव रांगेत अगदी शेवटी राहिले. तुमच्या सशासाठी जाणकार डॉक्टर सहज मिळत नाही, त्यामागे हे जुने कारण आहे.

छोट्या जिवांनी आपल्याला काय शिकवले

गंमत अशी की या शेवटच्या रांगेतल्या प्राण्यांनीच माणसाच्या वैद्यकाला मोठे धडे दिले.

१९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोन संशोधक खलाशांच्या एका आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना फक्त धान्यावर ठेवले. प्राण्यांच्या हिरड्यांतून आणि सांध्यांत रक्तस्राव होऊ लागला. हा माणसांना होणारा स्कर्व्ही होता. ताजा भाजीपाला दिला की तो बरा होई. क जीवनसत्त्वाचा शोध पुढे याच वाटेने लागला. कुत्रा, मांजर, उंदीर हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग यांना ते जमत नाही.

आता खोक्यातला तो गिनीपिग आठवा. "रोज चांगले दाणे घालतो." म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा तो प्रयोग आपण नकळत घरात पुन्हा करतो आहोत. त्याला रोज ताजी कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीचा तुकडा मिळाला असता, तर हे दुखणे बहुधा आलेच नसते.

दुसरी गोष्ट लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली. तिथे सिंहाचे छावे मुडदुसाने वाकत आणि मरत. १८८९ च्या सुमारास जॉन ब्लँड-सटन या शल्यचिकित्सकाने पाहिले की त्यांना नुसते मांस मिळते, हाडे मिळत नाहीत. त्याने कुटलेली हाडे, दूध आणि कॉडलिव्हर तेल सुरू केले आणि छावे सुधारले. पुढे १९१९ मध्ये बर्लिनला हुल्डशिन्स्की याने मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरी केली. अन्नातला कॅल्शियम आणि अंगावरचे ऊन या दोन्हींनी मिळून हाड घडते, हे हळूहळू स्पष्ट झाले.

मऊ पाठीचे कासव म्हणजे हाच मुडदूस. काचेच्या टाकीत, खोलीच्या कोपऱ्यात, वाळक्या कोळंबीवर वाढलेले कासव दुसरे काय होणार? "खिडकीतून ऊन येतं की," असे तुम्ही म्हणाल. पण कामाचे अतिनील किरण खिडकीची काच अडवते. ऊन थेट हवे आणि शेजारी सावलीही हवी, नाहीतर ते प्राणी उकडून मरतात.

पोपट आणि माणसाचा खोकला

इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १९२९-३० मध्ये युरोप-अमेरिकेत न्यूमोनियाची एक विचित्र साथ आली. धागा पकडत गेल्यावर तो दक्षिण अमेरिकेतून विकायला आणलेल्या पोपटांपर्यंत पोहोचला. त्या आजाराला सिटाकोसिस म्हणतात. त्या वेळी त्यावर औषध नव्हते; आज डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, पण वेळेवर ओळखला तरच. कासवांमुळे लहान मुलांना साल्मोनेलाचे जुलाब होतात, हे लक्षात आल्यावर अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्रीच बंद केली.

घाबरू नका, पण सवयी लावा. पिंजऱ्यातली विष्ठा कोरडी झाडू नका. आधी ओली करा. कासवाची टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका. ताप-खोकला लांबला तर तुमच्या डॉक्टरांना घरात पक्षी आहे हे आपणहून सांगा.

कायदा आणि लपवलेला पिंजरा

१९५३ साली महापालिकेने पेशवे पार्क सुरू केले. पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांनी वाघ-सिंह पहिल्यांदा पाहिले ते तिथे. पिंजरे लहान होते, पण त्या काळी सगळीकडे तसेच असत. १९९९ मध्ये कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उघडले आणि पुढे पार्कातले प्राणी तिथल्या मोकळ्या जागेत गेले. शहराने प्राण्याला जागा हवी हे मान्य केले, असा याचा अर्थ.

घरांत मात्र राघूचा पिंजरा तेवढाच राहिला. आपला हिरवा राघू, स्टार कासव आणि इतर देशी वन्य जीव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांतही आफ्रिकन ग्रे पोपटासारख्या अनेक जातींची २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारकडे नोंदणी करावी लागते. बजरीगर आणि कॉकाटील यांना ती लागत नाही.

भीतीपोटी आजारी राघूला कुणी दवाखान्यात आणत नाही, ही माझी खरी काळजी आहे. तो पिंजऱ्यातच झिजून जातो. तुमच्याकडे असा पक्षी असेल तर त्याला नुसते उडवून देऊ नका; पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर जगत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा.

झोपाळा कुणासाठी?

प्राण्याचे पोट भरले, आजार गेला, तरी काम संपत नाही. १९४२ साली हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने बंदिस्त वन्य प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. प्राण्याला किती चौरस फूट मिळाले यापेक्षा त्या जागेत करण्यासारखे काय आहे हे महत्त्वाचे, असा विचार पुढे रुजला. आज त्याला एनरिचमेंट म्हणतात. सोप्या मराठीत, जीव रमवणे.

त्याला पैसे लागत नाहीत. बजरीगरचे दाणे वाटीत न देता कागदाच्या पुडीत बांधून लटकवा, शोधण्यात त्याचा तास जाईल. सशाला भरपूर वाळलेले गवत द्या. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि चघळण्यानेच झिजतात. त्याला लपायला पुठ्ठ्याचे खोके द्या आणि एप्रिल-मेच्या उन्हात बाल्कनीत ठेवू नका. हॅमस्टरला खोल भुसा द्या, कारण त्याला उकरायचे असते. गिनीपिग एकटा ठेवू नका. तो कळपातला प्राणी आहे.

आणि काहीही नवीन आणण्याआधी पेशव्यांच्या रमण्यातला तो झोपाळा आठवा. हे त्याच्यासाठी आहे की आपल्याला बघायला मजा येते म्हणून? उत्तर दुसरे असेल, तर प्राणी घरी न आणणे हाच त्याच्यावरचा सर्वात चांगला उपचार.