माशीच्या अंगावरचे खिसे आणि त्यातले भाडेकरू

आजच्या भागात राजे नाहीत, किल्ले नाहीत. लढाई मात्र आहे.

साल १८९९. पर्किन्स हे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ लिहितात की काही भुंग्यांच्या मादीच्या पोटाच्या पहिल्याच खंडात एक खास कप्पा असतो, आणि त्यात माइट राहतात. भुंगे म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या वाशांना गोल भोकं पाडतात ना, त्या कुळातले. आणि माइट म्हणजे गोचिडीचे बारीक नातेवाईक. १९२० मध्ये रोपके यांनी अशा कप्प्याला ‘ॲकरिनेरियम’ हे नाव दिलं. काही गांधीलमाश्यांच्या अंगावरही असेच खिसे असतात.

आता प्रश्न असा, की अंगावर फुकट्यांसाठी जागा कोण ठेवतं?

ॲलोडायनेरस डेल्फिनालिस ही एकेकटी राहणारी गांधीलमाशी. तिच्या खिशातून जो माइट घरट्यात पोचतो, तो तिच्याच पिल्लांचं रक्त शोषतो. १९२५ मध्ये फिट्सथुम यांनी त्याचं नावच ठेवलं एन्स्लिनिएला पॅरासिटिका. पॅरासिटिका, म्हणजे परजीवी. शिक्का बसला!

खिसे आहेत म्हणजे माशीचा काहीतरी फायदा असणार, असा अंदाज होता. पण ठोस पुरावा जवळपास नव्हताच.

तो आला २००८ मध्ये, जपानमधून. ओकाबे आणि माकिनो या संशोधकांनी मेलिटोबिया नावाची इवलीशी माशी त्या घरट्याच्या खोलीत जाते तेव्हा काय होतं, ते पाहिलं. ही मेलिटोबिया दुसऱ्यांच्या पिल्लांवर अंडी घालते आणि तिच्या अळ्या ती पिल्लं खाऊन टाकतात. पण ती आत आली की दरवेळी माइट तिच्यावर तुटून पडले, चिकटून बसले. सरासरी सहा माइट असले तर ती मरण्याची शक्यता ७० टक्के. दहा असले तर १०० टक्के!

म्हणजे हे भाडेकरू भाडं देतात, रखवालीच्या रूपात. अर्थात प्रेमापोटी नाही हां. पिल्लू मेलं तर त्यांचंही जेवण बंद.

मी कोड लिहितो. एकदा ‘हे कशाला ठेवलंय?’ म्हणत एक जुनं फंक्शन उडवलं आणि रात्रभर जागलो. ते कशापासून वाचवत होतं, हे ते गेल्यावर कळलं. या माइटच्या नावात ‘परजीवी’ आजही आहे, आणि ते खोटंही नाही. फक्त अर्धंच आहे.

भेटू पुढच्या भागात!