सांगितलं सुनेला, ताट सासूबाईंच्या हातात

अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, तक्त्यावर ठिपका पडतो, ताई आहाराचं चार शब्दांत सांगतात. हे सगळं आपल्या ओळखीचं. पण अशा सांगण्यानं मुलं खरंच सुधारतात का, हे कुणी तपासलंय का? तपासलंय. आज आपण दोन ठिकाणची हकीकत पाहू.

पहिली तामिळनाडूची. आपल्या देशात अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. त्यानंतर १९८० साली तामिळनाडूनं जागतिक बँकेच्या मदतीनं वेगळा पोषण प्रकल्प हाती घेतला. गावातलीच एक बाई पोषण सेविका म्हणून नेमली. ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांचं दर महिन्याला वजन व्हायचं. ज्याचं वजन वाढत नाही, त्यालाच पूरक आहार मिळायचा, निदान तीन महिने. वजन वाढायला लागलं की आहार बंद. म्हणजे खाऊ औषधासारखा दिला. आईला डोळ्यांनी दिसायचं की जुलाब झाले, वरचं अन्न उशिरा सुरू केलं, की मूल मागं पडतं. बायकांचे गटही या कामात होते. तिथलं तीव्र कुपोषण बरंच खाली आलं.

मग १९९५ साली बांगलादेशात याच धर्तीवर मोठा प्रकल्प सुरू झाला. तेच वजन, तेच समजावणं, निवडक मुलांना आणि अशक्त गरोदर बायांना तोच पूरक आहार. भाजलेला तांदूळ, डाळ, गूळ आणि तेल एकत्र करून तो केलेला असे. सगळ्यांना वाटलं, तिकडे जमलं तसं इकडेही जमणार.

२००३ मध्ये एका संस्थेनं प्रकल्पाची गावं आणि प्रकल्प नसलेली गावं शेजारी ठेवून पाहिली. कुपोषणात म्हणावा तसा फरकच दिसला नाही! इथं एक गोष्ट लक्षात घेऊ. नुसतं 'आधी' आणि 'नंतर' पाहिलं तर फसगत होते, कारण त्या काळात कुपोषण देशभरातच कमी होत होतं. शेजारचं गाव पाहिलं, तेव्हा खरं कळलं.

पुढे २००५ साली जागतिक बँकेच्या स्वतःच्या मूल्यमापन विभागानं कारणं शोधली. बायांना माहिती मिळाली होती. गरोदरपणी जास्त खावं, हे अनेकींना तोंडपाठ होतं. पण माहिती असणं वेगळं आणि करता येणं वेगळं. तिथल्या खेड्यांत बाजारहाट पुरुष करतात. एकत्र घरात स्वयंपाकाचा आणि वाढण्याचा निर्णय सासूचा. पोटातलं मूल मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल, म्हणून बेतानंच खायचं, ही समजूत जुनी. प्रकल्पानं सगळं सांगितलं ते सुनेला. सासू आणि नवरा राहिले बाहेर. शिवाय बाहेर खाऊ मिळाला की घरचा घास तेवढा कमी व्हायचा. वाढीचा तक्ताही अनेक आयांना नीट वाचता येत नव्हता. तामिळनाडूत बायांचा घरात आणि बाजारात हात जास्त चालत होता, म्हणून तिथं आईला सांगितलेलं ताटापर्यंत पोहोचलं.

यात दोष सुनेचा नव्हता. आणि सासूबाईंनाही दोष देऊन भागणार नाही. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

या इतिहासातून आपल्या गटानं काय घ्यावं? 'किती बैठका झाल्या, किती जणी आल्या' एवढ्यावर काम मोजायचं नाही. पुढच्या बैठकीत आपण चार प्रश्न विचारू. घरात बाजार कोण करतं? ताट कोण वाढतं? अंगणवाडीचा खाऊ मिळाल्यावर बाळाचं घरचं जेवण कमी होतं का? आणि तक्त्यावरची रेघ वर चाललीय की आडवी, हे प्रत्येक आईला सांगता येतं का?

उत्तरं मिळाली की पुढचं बोलावणं कुणाला धाडायचं, ते आपोआप ठरेल. सासूबाईंना मानानं बोलवू, बाळाच्या बाबांनाही बसवू. आणि तीन महिन्यांनी वजनं पाहून ठरवू, आपलं सांगणं पोहोचलं की नाही.