मासिक पाळीतील शोषक साधने : सिंधुदुर्ग किनारा

ऋतुस्राव टिपून घेण्यासाठी किंवा साठविण्यासाठी वापरण्यात येणारी कापडाची घडी, पॅड, शोषक बोळा (टॅम्पॉन), पेला (मेन्स्ट्रुअल कप) इ. साधने. एका पाळीत सामान्यतः ३० ते ४० मिलि. रक्त जाते, ८० मिलि.पेक्षा अधिक स्राव वैद्यकीय दृष्ट्या अतिस्राव समजला जातो. ही राशी लहान असली, तरी स्राव कमीअधिक प्रमाणात तीन ते सात दिवस चालू राहतो. या काळात स्त्रीचे चालणे, बसणे, झोपणे व काम करणे साधनाच्या सोयीवर अवलंबून असते. साधनाची सोय मात्र त्याच्या शोषणशक्तीवरच ठरत नाही. धुण्यास पाणी, वाळविण्यास ऊन, बदलण्यास आडोसा आणि टाकण्यास जागा या चार गोष्टी मिळतात की नाही, यांवर ती मुख्यतः अवलंबून असते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील या साधनांचा इतिहास हे स्पष्ट करतो.

प्रदेश व श्रमजीवन : सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. देवगड, मालवण व वेंगुर्ले हे त्याचे किनारी तालुके होत. जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. इतर ऋतूंतही किनाऱ्यावरील हवा दमट असते. येथील स्त्रियांचे श्रम बहुधा घराबाहेरचे व ओलाव्यातले आहेत. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, भातलावणीच्या वेळी चिखलात दिवसभर वाकून राहणे, ओहोटीला खाडीच्या पाण्यात उतरून तिसऱ्या व कालवे काढणे, काजूच्या कारखान्यात तासन्‌तास एका जागी बसून बिया सोलणे ही कामे पाळीच्या दिवसांतही थांबत नाहीत. अशा ठिकाणी ओले राहणारे, घासणारे वा जागेवरून सरकणारे साधन हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. त्यावर दिवसाची मजुरी अवलंबून असते.

पारंपरिक पद्धती : इतर महाराष्ट्राप्रमाणे येथेही जुन्या सुती लुगड्याच्या वा धोतराच्या घड्या वापरण्याचा प्रघात होता. घडी कमरेच्या दोरीला पुढेमागे अडकवीत किंवा लंगोटासारखी बांधीत. अनेक वर्षे धुऊन मऊ झालेले सुती कापड अंगाला टोचत नाही, पाणी चांगले धरते व पुन्हा वापरता येते. शिवाय त्यास वेगळा खर्च येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारे चाकरमानी व त्यांची गावाकडील कुटुंबे यांच्या घरी सुती वस्त्रांचा वापर सार्वत्रिक असल्याने जुन्या कापडाचा पुरवठाही आपोआप होत असे.

पाळीसंबंधीचे आचार मात्र या साधनाला प्रतिकूल होते. ‘लांब बसणे’, ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची असणे’ हे शब्दप्रयोग त्या आचारांचे निदर्शक होत. विटाळ मानलेल्या स्त्रीने स्वयंपाकघरात वा देवघरात जाऊ नये, चार दिवस पडवीत वा मांगरात राहावे, असा दंडक होता. सर्व जातींत तो सारखा कडक नव्हता. ज्या घरांचे पोट रोजच्या श्रमावर होते, तेथे तो पूर्णपणे पाळणे अवघड असे. परंतु घडीचे कापड पुरुषांच्या नजरेस पडू नये, हा संकेत सर्वत्र होता. त्यामुळे घड्या पहाटे वा अंधार पडल्यावर धुतल्या जात आणि दुसऱ्या कपड्याखाली, माळ्यावर किंवा घरामागील अडगळीत वाळत घातल्या जात. पावसाळ्यात कोकणातील घरोघरी ओले कपडे चुलीच्या उबेला सुकवितात. पण विटाळाच्या कापडाला चुलीजवळ स्थान नव्हते. परिणामी वर्षातील चार महिने अर्धवट ओले, कुबट कापड पुन्हा वापरावे लागे. त्यापासून मांड्यांना चट्टे पडणे, खाज सुटणे व बुरशीजन्य विकार जडणे संभवते. कापडात मुळात दोष नव्हता. त्याला ऊन मिळत नव्हते, हा खरा दोष होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बदल घडून आले. नायलॉन व टेरिलीनसारख्या कृत्रिम धाग्यांच्या साड्या स्वस्त व टिकाऊ म्हणून खेडोपाडी पोहोचल्या. त्यांची घडी ओलावा शोषत नाही. त्यामुळे जुने मऊ सुती कापड दुर्मिळ होऊ लागले. दुसरे म्हणजे मुलींचे शिक्षण वाढले. एस. टी.ने दूरच्या हायस्कुलात वा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला दिवसभरात घडी बदलणे, ओली घडी जवळ बाळगणे व ती घरी आणून धुणे अशक्यप्राय होते. यामुळे वापरून टाकून देण्याच्या साधनांची गरज निर्माण झाली.

कारखानी साधनांचा विकास : अशी साधने प्रथम पश्चिमेकडे तयार झाली. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने १८९६ मध्ये ‘लिस्टर्स टॉवेल्स’ विक्रीस आणले; परंतु उघडपणे मागण्याच्या संकोचामुळे त्यांचा खप झाला नाही. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून तयार केलेला शोषक पदार्थ परिचारिकांनी पाळीसाठीही वापरला. त्यावरून १९२० च्या सुमारास ‘कोटेक्स’ पॅड बाजारात आले. दुकानदाराशी बोलावे लागू नये, म्हणून गिऱ्हाइकाने पेटीत पैसे टाकून पुडा उचलावा, अशी सोय काही दुकानांत करण्यात आली होती. अर्ल हास यांच्या १९३३ च्या एकस्वावर (पेटंटवर) आधारलेले ‘टॅम्पॅक्स’ बोळे १९३६ पासून विकले जाऊ लागले. लिओना चामर्स या अभिनेत्रीने १९३७ मध्ये रबरी पेल्याचे एकस्व घेतले. पण दुसऱ्या महायुद्धातील रबराच्या टंचाईमुळे त्याचे उत्पादन खुंटले. कमरपट्ट्याची गरज नसलेले चिकट पाठीचे पॅड १९६९ मध्ये आले आणि पुढे अतिशोषक बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) उपयोगामुळे पॅड पातळ झाले. अतिशोषक बोळ्यांच्या वापरातून उद्‌भवणाऱ्या विषारी आघात लक्षणसमूहामुळे (टॉक्सिक शॉक सिंड्रोम) १९८० मध्ये अमेरिकेत ‘रिलाय’ हा बोळा बाजारातून काढून घ्यावा लागला. अधिक शोषणशक्ती म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले.

भारतात पॅडसाठी मानक क्र. ५४०५ प्रथम १९६९ मध्ये निश्चित झाले; १९८० व २०१९ मध्ये ते सुधारण्यात आले. १९८० नंतरच्या दशकापासून दूरचित्रवाणीवरील जाहिरातींमुळे पॅड शहरांबाहेरही माहीत झाले. तरी दुकानातून ते वर्तमानपत्रात वा काळ्या पिशवीत गुंडाळून देण्याची रीत कायम राहिली. किंमत ही मोठी अडचण होती. कोईमतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम यांनी कमी खर्चात पॅड तयार करणारे छोटे यंत्र बनविले व अनेक राज्यांतील महिला बचत गटांनी त्याचा स्वीकार केला.

शासकीय उपाय : केंद्र शासनाने २०११ मध्ये निवडक जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांमार्फत ग्रामीण किशोरींना सहा पॅडचा पुडा ६ रुपयांस देण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्र शासनाची ‘अस्मिता’ योजना ८ मार्च २०१८ रोजी सुरू झाली. तीत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचा पुडा ५ रुपयांस देण्याची तरतूद होती व वितरणाचे काम बचत गटांकडे होते. १ जुलै २०१७ पासून पॅडवर आकारण्यात आलेला १२ टक्के वस्तू व सेवा कर देशभर टीका झाल्यानंतर २७ जुलै २०१८ पासून रद्द झाला. जनऔषधी केंद्रांतील पॅडची किंमत २०१९ मध्ये नगास १ रुपया करण्यात आली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते २४ वयाच्या सु. ७८ टक्के स्त्रिया आरोग्यदायी साधन वापरत होत्या. चौथ्या पाहणीत (२०१५-१६) हे प्रमाण सु. ५८ टक्के होते. या पाहणीत कापडाची गणना आरोग्यदायी साधनांत केलेली नाही. त्यामुळे उन्हात वाळविलेली स्वच्छ घडी व अंधारात ठेवलेली ओली घडी यांतील फरक या आकड्यांत दिसत नाही.

साधन बदलण्यास लागणाऱ्या आडोशाच्या बाबतीत सिंधुदुर्गाची प्रगती लक्षणीय आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रामीण स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत तो पहिला आला. घरोघरी शौचालय झाल्याने उजाडण्यापूर्वी वा अंधार पडेपर्यंत खोळंबून राहण्याची सक्ती सरली.

विल्हेवाट : पॅडने वाळविण्याची अडचण दूर केली, परंतु टाकण्याची नवी अडचण निर्माण केली. प्लॅस्टिकचे अस्तर, लगदा व बहुवारिक यांच्या मिश्रणाने बनलेले सर्वसाधारण पॅड कुजत नाही. ते शौचालयात टाकल्यास नळ व शोषखड्डे तुंबतात, घरी पेटविल्यास विषारी धूर होतो आणि वाळूत पुरल्यास भरतीने वा पावसाने उघडे पडते. वेंगुर्ले नगरपरिषदेने २०१५ पासून कचऱ्याचे अनेक प्रकारांत वर्गीकरण करून जुन्या कचराभूमीचे पर्यटनस्थळात रूपांतर केले. तेथे ओल्या कचऱ्यापासून जैव वायू काढण्यात येतो व प्लॅस्टिकचे तुकडे रस्त्यांच्या कामी वापरले गेले. वापरलेले पॅड मात्र या दोन्ही वर्गांत बसत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये असा कचरा वेगळा गुंडाळून देणे व त्यासाठी उत्पादकांनी वेष्टन पुरविणे आवश्यक ठरविण्यात आले. पुण्यातील कचरावेचक स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने हा प्रश्न हाताळणाऱ्यांच्या बाजूने मांडला. एका स्त्रीने लपवून टाकलेले पॅड दुसऱ्या स्त्रीला उघड्या हाताने वेगळे करावे लागते, ही गोष्ट त्यामुळे पुढे आली. वेगळी ओळखू येणारी पुडी देण्याचा प्रघात त्यातूनच पडला.

पुनर्वापराची साधने : वरील अडचणींमुळे पुन्हा वापरता येणाऱ्या साधनांकडे लक्ष वळले. शिवलेल्या, बटणांनी बसविता येणाऱ्या कापडी पॅडसाठी भारतीय मानक क्र. १७५१४ हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचा पेला एका वेळी सुमारे २० ते ३० मिलि. स्राव धरतो, बारा तासांपर्यंत ठेवता येतो व सुमारे दहा वर्षे टिकतो. लॅन्सेट पब्लिक हेल्थ  या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४३ अध्ययनांच्या आढाव्यात पेल्यातून होणारी गळती पॅड व बोळे यांच्याइतकीच वा त्यांहून कमी आढळली. मात्र तो वापरण्याची सवय होण्यास काही महिने लागतात, असेही दिसून आले. केरळमधील कुंबळंगी या खाडीकाठच्या मासेमार गावात पेल्यांचे व्यापक वाटप करून जानेवारी २०२२ मध्ये ते पॅडमुक्त गाव म्हणून घोषित करण्यात आले. तिसऱ्या काढणाऱ्या किंवा वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ पासून कांदळवन सफरीच्या होड्या चालविणाऱ्या स्त्रियांसारख्यांना, ज्यांचे काम पाण्यात वा पाण्याजवळ आहे, त्यांना हे साधन विशेष उपयुक्त ठरण्याजोगे आहे. कौमार्यासंबंधीच्या समजुतींमुळे अविवाहित मुलींना ते देण्यास घरची माणसे कचरतात. वस्तुतः योनिपटलाच्या स्थितीवरून कौमार्य ठरविता येत नाही.

निवड : सर्वांना सारखेच सोईचे असे एक साधन नाही. स्रावाचे प्रमाण, कामाचे स्वरूप, ऋतुमान व उपलब्ध सोयी पाहून निवड करणे इष्ट होय. कापड वापरावयाचे तर ते सुती असावे, गार पाण्यात भिजवून साबणाने धुवावे व कडक उन्हात पूर्ण वाळवावे. पावसाळ्यात घड्यांचे जादा संच ठेवावेत व ओलसर कापड वापरू नये. कापड वा पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. दमट हवेत प्लॅस्टिकच्या जाळीदार पृष्ठाने पुरळ येत असल्यास सुती पृष्ठाचे पॅड घ्यावे. बोळा आठ तासांहून अधिक ठेवू नये. पेला हाताळण्यापूर्वी हात धुवावेत व दर पाळीनंतर तो उकळून घ्यावा. दर तासा-दोन तासांनी साधन भिजून जात असेल, तर साधन बदलून भागत नाही. वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. घरातील दोरीवर इतर कपड्यांच्या शेजारी घडी उघडपणे वाळत घालता येणे, हे या किनाऱ्यावर कोणत्याही नव्या साधनाइतकेच महत्त्वाचे आहे.