पदवी खरी, परवानगी नव्हती

नोकरी सांभाळून पदवी मिळवण्याची वाट जुनी आहे. लंडन विद्यापीठाने 1858 मध्येच बाहेरच्यांना परीक्षेला बसू दिले. दिल्ली विद्यापीठाचे पत्रद्वारा अभ्यासक्रम 1962 चे, नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989 चे.

पण चाळिशीत संगणकाकडे वळू पाहणाऱ्यांनी 2017 साल आठवावे. चार अभिमत विद्यापीठांनी आगाऊ मान्यता न घेताच अभियांत्रिकीच्या पदव्या पत्राने दिल्या होत्या. 3 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने 2001 ते 2005 मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षा द्यायला लावली; त्यानंतरच्यांच्या रद्दच केल्या. त्या पदवीवर मिळालेली बढतीही हातची गेली. विद्यापीठ खोटे नव्हते, भरलेली फी तर नव्हतीच!

म्हणून आधी यूजीसीच्या यादीत बघा: नुसते विद्यापीठ नव्हे, तोच अभ्यासक्रम, याच सत्रासाठी. यूजीसीच्या नियमांत ऑनलाइन अभियांत्रिकीला मनाई आहे. बीसीए, एमसीए चालतात. आयआयटी मद्रासच्या 2020 मध्ये जाहीर झालेल्या डेटा सायन्सच्या पदवीला जेईई लागत नाही, वयाची अट नाही. चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यायची, तीही केंद्रावर जाऊन.