पेटींतून आली, पेटींतून गेली



गेल्या वर्षीं पावसाळा सरतांना पनवेलांतील आमच्या अंगणांत एक सुतार लांकडी पेटी ठोकीत बसला होता. त्या पेटींत माझ्या कैलासवासी वडील बंधूंची बुलेट मोटारसायकल बसावयाची होती. पुतण्या इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें असतो. वडिलांची गाडी आपणांस हवी, असें त्यानें कळविलें होतें. वहिनी मात्र मनांतून राजी नव्हत्या. "भाऊजी, गाडी अंगणांत उभी असली कीं घरांत माणूस आहेसें वाटतें," एवढेंच त्या म्हणाल्या. यावर काय उत्तर द्यावें तें मला सुचेना. माझा जन्म शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेला, म्हणून उत्तरहि मी इतिहासांतच शोधूं लागलों.

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस रेडिच नांवाचें गांव आहे. पूर्वीं तें सुयांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथील रॉयल एनफील्ड कंपनीनें 1901 सालीं आपली पहिली मोटारसायकल तयार केली, आणि 1932 सालीं 'बुलेट' हें नांव प्रथम वापरलें. आपला देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या सैन्यास सरहद्दीवरील खडतर वाटांसाठीं दणकट गाडी हवी होती. त्यासाठीं बुलेटची निवड झाली. पुढें 1955 सालीं रेडिचची कंपनी व मद्रास मोटर्स यांनीं मिळून एनफील्ड इंडिया ही कंपनी काढली, आणि 1956 सालीं मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें कारखाना उभा राहिला. आरंभीं गाडीचे सुटे भाग पेट्यांत भरून विलायतेहून जहाजानें येत व येथें जोडले जात. हळूहळू आपले कारागीर एकेक भाग स्वतः घडवूं लागले, आणि 1962 पर्यंत संपूर्ण गाडी येथेंच होऊं लागली.

यानंतर काळानें मौज केली. रेडिचचा कारखाना 1967 सालीं बंद झाला, आणि 1970 मध्यें इंग्लंडांतील उरलेंसुरलें कामहि थांबलें. मद्रासेस मात्र बुलेट होतच राहिली. 1977 पासून तर ती इंग्लंडांत विक्रीस जाऊं लागली. माहेर मोडलें, पण सासरीं नांदत्या लेकीनें माहेरचें नांव राखलें, असाच हा प्रकार होय. बंधूंची गाडी 1965 सालची, म्हणजे सर्वस्वीं तिरुवोट्टियूरच्या हातांची.

आतां आमच्या गांवाची गोष्ट. एके काळीं मुंबईहून पुण्यास जाणारा माल व उतारू मचव्यांतून आणि आगबोटींतून पनवेलच्या खाडींत उतरत, व पुढें बोरघाटाची वाट धरीत. घाटांतील गाडीरस्ता 10 नोव्हेंबर 1830 रोजीं गव्हर्नर माल्कम यांनीं खुला केला. या वाहतुकीवर गांव पोसलें. बैलगाड्यांचीं चाकें करणारे पनवेलचे सुतार नामांकित होते, आणि त्यांच्या वाकसांचा आवाज दिवसभर चाले. परंतु 1863 सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, ती कल्याण-कर्जतच्या वाटेनें. पनवेल बाजूस पडलें, आणि बंदराचा व्यापार ओसरला.

तो परत आला तो एका लोखंडी पेटीमुळें. 26 एप्रिल 1956 रोजीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन या वाहतूकदारानें 'आयडियल एक्स' नामक जहाजावर 58 पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. माल हमालांनीं नगानगानें न उचलतां पेटीसकट उचलावयाचा, हीच त्यांतली युक्ति. तिरुवोट्टियूरचा कारखाना आणि ही कल्पना, दोन्हीं एकाच सालचीं! पुढें 26 मे 1989 रोजीं आमच्या शेजारीं न्हावाशेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. सव्वाशे वर्षांनीं पनवेल पुन्हां जगाच्या वाटेवर आलें.

गाडी बांधणें हें नाजूक काम आहे. प्रथम पेट्रोल पूर्ण काढावें लागतें, मग बॅटरी सोडवावी लागते. हॅन्डल व पुढचें चाक उतरविलें म्हणजे पेटी आंखूड होते, व भाडें वांचतें. पुढचा आंस पेटीच्या तळास पक्का करावयाचा, आणि पट्टे सांगाड्यास आवळावयाचे. कारण समुद्रावर गाडी हलली तर तिचें वजनच तिचा घात करतें. इंजिनावरील व सांगाड्यावरील आंकडे कागदपत्रांशीं तंतोतंत जुळावे लागतात. लांकडालाहि परवाना लागतो. त्याच्या गाभ्याची उष्णता 56 अंशांवर नेऊन 30 मिनिटें ठेवावी लागते, म्हणजे आंतील कीड परदेशांत जात नाहीं. हें केल्याचा शिक्का आमच्या पहिल्या पेटीवर नव्हता. ती परत आली, आणि आठ दिवस फुकट गेले.

त्या आठ दिवसांत मी वहिनींना ही सारी हकीकत सांगितली. त्या शांतपणें ऐकत होत्या. शेवटीं म्हणाल्या, "म्हणजे ही माहेरींच निघाली म्हणा कीं! मग ओटी भरायला हवी." नारळ व तांदूळ पेटींत ठेवतां येत नाहींत, असें मला सांगावें लागलें. त्या आंत गेल्या, आणि बंधू रोज सकाळीं ज्यानें गाडी पुशीत तो पिवळा फडका घेऊन आल्या. त्यांनीं तो धुतला नव्हता. घडी घालून त्यांनीं तो बैठकीखालीं ठेवला, तेव्हां कोठें सुतारानें झांकण ठोकलें.

गाडी सुखरूप पोंचली आहे. अंगणांत ती उभी असे तेथें तेलाचा एक काळा डाग राहिला आहे. तो घासून काढूं नये, असें वहिनींनीं मोलकरणीस बजावून ठेविलें आहे.